दाखल्यानंतरचा पाऊस

पुण्यात गेली बरीच वर्षं मी पावसाचं पाणी जमिनीत उतरवण्याचं काम करते. शिक्षण भूशास्त्राचं, व्यवसाय सल्लागाराचा. नव्या इमारतीसाठी नियमात बसणारा पुनर्भरणाचा आराखडा करून द्यायचा, आणि जुन्या सोसायटीनं बोलावलं तर तिच्या गच्चीवरचं पाणी बोअरपर्यंत न्यायचं, असं या कामाचं ढोबळ स्वरूप. एप्रिल-मे महिन्यात माझा फोन सारखा वाजतो, कारण टँकरची बिलं सोसायटीच्या सभेत आलेली असतात. जुलैअखेर खडकवासला साखळीतली धरणं भरत आल्याच्या बातम्या सुरू झाल्या, की फोन थंडावतो. माझ्या कामाचा खरा हंगाम मात्र तोच. भर पावसात गच्चीवर उभं राहून, पन्हळीतून निघालेलं पाणी कुठे पोचतं ते पाहिल्याशिवाय कुठलाही आराखडा खरा की खोटा ते कळत नाही.

लोकांना वाटतं, आपल्याकडे यासाठी कायदाच नाही. तसं अजिबात नाही. महाराष्ट्राच्या नगरविकास विभागानं मार्च २००५ मध्येच अधिसूचना काढून गावठाणाबाहेरच्या ३०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण सक्तीचं केलं. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्यासाठी एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. तिच्यात हे कलम कायम राहिलं, फक्त मर्यादा ५०० चौरस मीटरवर गेली. शहरातले कितीतरी छोटे भूखंड त्यामुळे सक्तीबाहेर पडले, याचं मला फार वाईट वाटलं. पुण्याच्या जुन्या पेठांलगतच्या आणि उपनगरांतल्या बंगल्यांच्या जागी आता ज्या छोट्या इमारती उभ्या राहतात, त्यांतल्या पुष्कळ याच मापाच्या आहेत.

कलमाची भाषा वाचली, की ती लिहिणाऱ्याला या कामाची जाण होती हे कळतं. गच्चीच्या दर १०० चौरस मीटरला १०० मिलिमीटर व्यासाचे किमान दोन पावसाळी पाइप हवेत. पहिल्या पावसाचं धुवण बाहेर काढून देण्यासाठी व्हॉल्व्ह हवा. पाइपांच्या तोंडांना डास जाणार नाहीत अशी जाळी हवी. शोषखड्डा किमान १.२० मीटर लांब, तेवढाच रुंद आणि दोन ते अडीच मीटर खोल हवा. त्यात खाली मोठी खडी, वर बारीक खडी, त्यावर वाळू, आणि सगळ्यात वरचा भाग रिकामा, असा क्रम सांगितलेला आहे. पुढे देखभालीचंही कलम आहे: ही व्यवस्था मालकानं किंवा सोसायटीनं कायम चालू स्थितीत ठेवायची. ती केली नाही किंवा राखली नाही, तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला एक हजार रुपयांपर्यंत आकार बसवण्याचा अधिकार प्राधिकरणाला दिलेला आहे.

म्हणजे कागदावर फारसं काही राहिलेलं नाही. प्रत्यक्ष जागेवर काय दिसतं, ते सांगते.

शहराच्या पश्चिमेकडच्या एका सोसायटीनं मला बोलावलं होतं. चार इमारती, दोन बोअर, मार्चपासून टँकर. मंजूर नकाशात दोन शोषखड्डे आणि एका बोअरचं पुनर्भरण दाखवलेलं होतं. सेक्रेटरीकाका, सोसायटीचा नेहमीचा प्लंबर आणि मी, नकाशा हातात घेऊन कंपाउंडभर फिरलो. खड्डे कुठेच दिसेनात. शेवटी प्लंबरनं पहार घेतली आणि पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक एकेक ठोकत निघाला. एका कोपऱ्यात आवाज पोकळ आला. ब्लॉक उचकटले तेव्हा खाली चेंबर निघालं. आत सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, फरशीचे तुकडे, आणि वाळूचा थर असा घट्ट बसलेला, की पहारीचं टोक आत जाईना. मग आम्ही पाइपाचा माग काढला. गच्चीवरून उतरलेल्या पाइपाला जमिनीलगत एल्बो लावून त्याचं तोंड ड्रेनेजच्या चेंबरकडे वळवलेलं होतं. पावसाचं सगळं पाणी सांडपाण्यात जात होतं.

"मॅडम, असं काही आमच्याकडे आहे हेच आम्हाला कुणी सांगितलं नाही हो," काका म्हणाले. ते खरं होतं. विकासकानं इमारत ताब्यात देताना लिफ्टची कागदपत्रं दिली, अग्निशमनाची दिली, पंपाची वॉरंटी दिली. जमिनीखाली काय आहे याचा नकाशा मात्र सोसायटीकडे आलाच नाही. भोगवटा प्रमाणपत्र मात्र रीतसर मिळालेलं होतं, कारण पाहणीच्या दिवशी खड्डा होता, पाइप होता, खडी होती.

त्या सोसायटीच्या गच्च्यांचं क्षेत्रफळ मिळून साधारण ८०० चौरस मीटर भरतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बाष्पीभवन, पहिलं धुवण, इकडेतिकडे सांडलेलं असं वीस टक्के वजा केलं, तरी साडेचार लाख लिटरच्या जवळपास पाणी हाताशी येतं. दहा हजार लिटरच्या टँकरनं मोजलं तर पंचेचाळीस टँकर. हे सगळं पाणी दर पावसाळ्यात ड्रेनेजमध्ये जात होतं, आणि वर ड्रेनेजची लाइन तुंबते म्हणून माणसं बोलवावी लागत होती ती वेगळीच.

अशा जागा मला वारंवार भेटतात, आणि त्या भेटल्या की संताप येतो. तो सोसायटीवर नसतो. दाखल्यानंतर या पावसाला वालीच उरत नाही, याचा तो संताप असतो. बांधकाम विभागाचं काम प्रमाणपत्राशी संपतं. करविभाग मिळकतकरात सवलत देतो. पुण्यात सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संधारण यांपैकी एक प्रकल्प असेल तर पाच टक्के, दोन किंवा जास्त असतील तर दहा टक्के. पाणीपुरवठा विभागाची नजर धरणांवर, मलनिस्सारणवाल्यांची पावसाळी गटारांवर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यभरात भूजलाचा अभ्यास करते आहे, पण सोसायटीच्या शोषखड्ड्यात डोकावणं हे तिचं काम नव्हे. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियमही २०१४ पासून लागू आहे. प्रत्येकाकडे एकेक तुकडा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात झाकण उघडून आत बघायचं काम मात्र नावानिशी कुणावरच सोपवलेलं नाही. आकार बसवायचा अधिकार आहे, पण तो कुणी, कधी आणि काय पाहून बसवायचा याची रीतच बसलेली नाही.

आता खडकाविषयी बोलायला हवं, कारण नियम सगळीकडे सारखा आणि जमीन सारखी नाही. आपल्या पायाखालचा बेसॉल्ट म्हणजे लाव्ह्याचे थर, एकावर एक रचलेल्या भाकऱ्यांसारखे. एखादा थर काळा, घट्ट, पाण्याला वाट न देणारा. त्याच्याच वरखाली दुसरा थर सच्छिद्र किंवा भेगाळलेला, पाणी साठवणारा आणि पुढे नेणारा. वर कुठे दोन फूट मुरूम, कुठे पंधरा फूट. पाणी धरणाऱ्या या थराला आम्ही जलधर म्हणतो. एकाच गल्लीत समोरासमोरच्या दोन भूखंडांवर वेगवेगळी कहाणी असू शकते.

म्हणून आराखड्याआधी मी बोअरची चाचणी घ्यायचा आग्रह धरते. टँकर मागवायचा, त्याचं पाणी बोअरमध्ये ठरावीक वेगानं सोडायचं आणि आतली पातळी किती चढते, किती वेळात उतरते ते मोजायचं. काही बोअर अख्खा टँकर घोटाघोटानं गिळून टाकतात, पातळी जरा वर येते आणि परत खाली जाते. काही ठिकाणी थोडंसं पाणी गेलं की ते तोंडाशी येऊन उभं राहतं, तासाभरानंही तिथेच. पहिल्या ठिकाणी गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडणं शहाणपणाचं. दुसऱ्या ठिकाणी कितीही चांगला फिल्टर बसवा, पाणी उलटून अंगणातच येणार. तिथे टाकी बांधून ते पाणी झाडांना, गाड्या धुवायला, फ्लशला वापरणं हाच मार्ग. नियमात खुली विहीर, बोअर, टाकी, खड्डा असे सगळे पर्याय दिलेले आहेत, हा त्याचा मोठेपणा. पण यातला कुठला निवडायचा, ते चाचणीवर ठरावं अशी अट नाही. त्यामुळे बहुतेक जण सगळ्यात स्वस्त पर्याय नकाशात काढतात, आणि तो म्हणजे किमान मापाचा शोषखड्डा.

त्या खड्ड्याचा हिशेब एकदा मांडून बघावा. १.२० बाय १.२० बाय दोन मीटर म्हणजे २.८८ घनमीटर. तो खडी-वाळूनं भरलेला असतो, म्हणून पाण्याला मोकळी जागा फार तर चाळीस टक्के, म्हणजे साडेअकराशे लिटरच्या आसपास. ५०० चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला पन्नास मिलिमीटर वेगानं सर कोसळली, तर मिनिटाला चारशे लिटरहून जास्त पाणी खाली येतं. खड्डा तीन मिनिटांच्या आत भरतो. त्यापुढे जे काही मुरायचं ते जमिनीच्या मर्जीवर. खाली मुरूम असेल तर खड्डा पाणी पीत राहतो. काळी चिकणमाती किंवा घट्ट कातळ असेल, तर तो डबकं होऊन बसतो.

आणि कित्येक नव्या प्रकल्पांत खड्ड्याखाली जमीनच नसते. पार्किंगची गरज भागवायला दोन-दोन मजल्यांचं बेसमेंट इमारतीच्या बाहेर, मोकळ्या अंगणाखालीही नेलं जातं. वर दिसते ती बाग स्लॅबवर पसरलेल्या मातीवर लावलेली असते. बेसमेंट खोदताना सच्छिद्र थर कापला गेला, की त्यातून झिरपणारं पाणी बेसमेंटच्या खड्ड्यात जमतं, आणि तिथला पंप ते रात्रंदिवस उपसून रस्त्यावरच्या गटारात टाकत राहतो. असा पंप मी भर मे महिन्यात चालताना पाहिला आहे. त्याच आवारात त्याच दिवशी टँकर उभा होता. पार्किंग किती हवं हे नियमावली काटेकोर सांगते. भूखंडाचा किती भाग खालपर्यंत अखंड माती आणि खडक म्हणून राखायचा, हेही तिनं तितक्याच काटेकोरपणे सांगायला हवं.

पाण्याच्या गुणवत्तेबद्दलही काळजी वाटते. गच्चीवरचं पाणी आणि पार्किंगमधून वाहणारं पाणी यांत फार फरक आहे. पार्किंगच्या पाण्यात ऑइल असतं, टायरची काजळी असते, कुत्र्या-मांजरांची घाण असते. ते मातीतून झिरपत जाऊ दिलं तर काही अंशी गाळलं जातं. तेच थेट बोअरमध्ये सोडलं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही बोअरमध्ये विष कालवल्यासारखं होतं. त्यामुळे बोअरमध्ये फक्त गच्चीचं पाणी, तेही पहिलं धुवण काढून आणि फिल्टरमधून, यावर मी कधीच तडजोड करत नाही. अंगणातलं पाणी चरात आणि शोषखड्ड्यात.

जिथे हे नीट चालतं, अशा सोसायट्याही आहेत. एका ठिकाणी बोअरमध्ये पंपाच्या बाजूनं पाऊण इंची पाइप मुद्दाम सोडून ठेवलेला आहे, म्हणजे पातळी मोजायची टेप पंपाच्या केबलमध्ये अडकत नाही. तिथल्या वॉचमनदादांना मी टेप सोडायला शिकवलं. टेपच्या टोकाला छोटी पोकळ नळी असते. ती पाण्याला टेकली की "टप्" असा आवाज वर येतो. ते कान लावून ऐकतात, अंगठ्यानं टेप धरतात आणि आकडा वहीत लिहितात. वहीत तारीख, पातळी आणि शेजारी पाऊस पडला का, एवढंच. मेअखेर गच्ची झाडून घेतल्याची, फिल्टरची वाळू धुतल्याची आणि जूनमध्ये व्हॉल्व्ह बोअरकडे फिरवल्याची नोंदही त्यातच. हे काम कुणी सक्तीनं करून घेतलेलं नाही. समितीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी ते मनावर घेतलं. तिथे टँकर बंद झाले असं मी म्हणणार नाही, पण ते पूर्वीपेक्षा उशिरा सुरू होतात आणि लवकर संपतात, हे त्या वहीवरूनच दिसतं. या वहीमुळे मला पहिल्यांदा माझ्या कामाचा पडताळा मिळाला. शहरात अशी वही प्रत्येक आवारात असती, तर पुण्याच्या भूजलाचं चित्र आज आपल्यासमोर असतं.

सोसायटीची भिंत ओलांडली की प्रश्न आणखी मोठा होतो. जलधराला कंपाउंड ठाऊक नसतं. पुण्याच्या टेकड्यांच्या उतारावर जिथे सच्छिद्र थर उघडा पडतो, तिथे मुरलेलं पाणी पायथ्याच्या झऱ्यांत, विहिरींत आणि बोअरमध्ये येतं. त्या उतारावर रस्ता किंवा इमारत झाली, तर खाली वस्तीत कितीही शोषखड्डे घेतले तरी भरपाई होत नाही. म्हणून टेकड्यांवरची जैवविविधता उद्यानाची आरक्षणं मला पाणीपुरवठ्याचाच भाग वाटतात. अमृत २.० योजनेत उथळ जलधरांच्या व्यवस्थापनाचा प्रयोग ज्या मोजक्या शहरांत घेतला गेला, त्यांत पुणे आणि ठाणे आहेत. धोरण भूखंडाकडून जलधराकडे पाहू लागलं, ही मला मोठी आशेची गोष्ट वाटते.

पुराचंही तेच आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं कात्रजपासून खाली जो हाहाकार केला, तो पुणेकर विसरलेले नाहीत. त्यानंतर ओढ्याकाठच्या वस्त्यांत पाहणीला गेले होते. भिंतीवरच्या चिखलाच्या रेषा माझ्या डोक्याच्या वर होत्या. तशा पावसाला शोषखड्डे पुरे पडणार नाहीत, त्यासाठी ओढ्याला त्याची रुंदी मोकळी मिळायला हवी. पण रोजच्या जोरदार सरींचं पाणी जर हजारो आवारांत तासभर थांबलं, तर ओढ्यात एकदम येणारा लोंढा नक्की कमी होतो. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुढे डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं त्या पुराची कारणमीमांसा केली. हिंदमाता परिसरात तुंबणारं पाणी साठवायला महापालिकेनं अलीकडे मैदानांखाली मोठ्या टाक्या बांधल्या. पाणी आधी थांबवायचं, मग सोडायचं, हा विचार तिथे मान्य झाला आहे. तो प्रत्येक भूखंडावर यायला हवा.

दुसऱ्या शहरांनी काय केलं, हेही मी बघत आले आहे. तमिळनाडूनं २००३ मध्ये जुन्या-नव्या सगळ्या इमारतींना मुदत घालून सक्ती केली. आपल्या नियमाचा भर नव्या बांधकामांवर आहे, जुन्यांना फक्त करसवलतीचं आमिष. बंगळुरूनं २००९ मध्ये पाणीपुरवठ्याच्या कायद्यातच दुरुस्ती केली आणि पुढे दंड पाण्याच्या बिलात बसवला. बिल घरी येतं, म्हणून आठवणही घरी येते. चेन्नईत २०१९ च्या उन्हाळ्यात जलाशय आटलेच, म्हणजे नुसत्या सक्तीनं सगळं साधत नाही. तिथेही केलेली व्यवस्था किती ठिकाणी चालू राहिली, हाच प्रश्न उभा राहिला.

या सगळ्यातून माझ्या मनाशी जे पक्कं झालं आहे, ते अगदी साधं आहे. या नियमाचं आयुष्य इमारतीएवढं असायला हवं, दाखल्याएवढं नव्हे. त्यासाठी नवा कायदा करायला नको, आहे त्याच कलमात जीव भरायला हवा. लिफ्टची तपासणी होते, तशी पुनर्भरणाचीही दरवर्षी मेअखेर व्हावी. ती करणाऱ्याचं नाव आणि तारीख नोंदली जावी. करसवलत आधीच्या दाखल्यावर नव्हे, त्या वर्षाच्या तपासणीवर मिळावी. विकासकानं ताबा देताना जमिनीखालचा नकाशा सोसायटीच्या हाती द्यावा. खड्डा, बोअर की टाकी हे मुरण्याच्या चाचणीवर ठरावं. प्रत्येक भूखंडावर थोडी जमीन खालपर्यंत अखंड राहावी. आणि प्रत्येक बोअरची पातळी महिन्यातून एकदा मोजून ती महापालिकेकडे जावी, म्हणजे त्या आकड्यांवरून पुढचा नियम अधिक शहाणा होईल.

यात अवघड काही नाही आणि फार खर्चाचंही नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. तिथे आज रोज नव्या इमारती उठताहेत आणि रोज टँकरही धावताहेत. तिथली जमीन अजून पुरती झाकलेली नाही. जे करायचं ते तिथे आत्ता, काँक्रीट पडायच्या आधी केलं, तर पाचपट सोपं जाईल. मी नव्या प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीला जाते तेव्हा आता हेच आधी मांडते: नकाशावर खड्डा कुठे काढायचा ते नंतर ठरवू, आधी सांगा, दहा वर्षांनी त्याचं झाकण कोण उघडणार?